मेंदूच्या दाहासाठी हळद: चुका कुठे होतात आणि क्रम काय ठेवावा

घरात कोणाचा विसराळूपणा वाढला किंवा डिमेन्शियाचं निदान झालं, की नातेवाइकांचा पहिला सल्ला हळदीचा असतो. सल्ला वाईट नाही. पण त्यानंतर घरात जे सुरू होतं ते बहुतेकदा चुकतं. साय काढलेल्या दुधात चमचाभर हळद ढवळून रिकाम्या पोटी दिली जाते. डाळीबरोबर कुकरमध्ये हळद घालून चार-चार शिट्ट्या काढल्या जातात. नाहीतर थेट कॅप्सूल सुरू होतात, त्याही रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या जोडीला. पहिल्या दोन प्रकारांत हळद वाया जाते. तिसऱ्यात माणूस अडचणीत येतो.

म्हणून हा लेख निवडीपासून ताटापर्यंत, टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. टप्पे मागेपुढे करू नका. विशेषतः पहिला टप्पा गाळू नका.

अपेक्षा काय ठेवायची तेही आधी सांगते. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. जंतू आणि मृत पेशींचा कचरा साफ करणं हे त्यांचं काम. त्या महिनोन्‌महिने चेतलेल्या राहिल्या, की शेजारच्या चांगल्या पेशींनाही इजा करू लागतात. मेंदूचा दीर्घकालीन दाह म्हणतात तो हाच. हळदीतलं करक्युमिन नावाचं पिवळं द्रव्य हा दाह मंदावतं, हे प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर पुष्कळदा दिसलं आहे. माणसांत मात्र निकाल एकसारखे नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये डिमेन्शिया नसलेल्या ४० जणांना १८ महिने, रोज दोनदा ९० मिलिग्रॅम, सहज शोषलं जाईल असं खास तयार केलेलं करक्युमिन किंवा नुसती बिनऔषधी गोळी दिली गेली. २०१८ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात करक्युमिन घेणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारलेली आढळली. त्याआधी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्झायमरच्या ३६ रुग्णांपैकी काहींना रोज २ ग्रॅम, काहींना ४ ग्रॅम साधं करक्युमिन २४ आठवडे दिलं, तेव्हा फायदा दिसला नाही आणि रक्तातही ते नाममात्रच सापडलं. म्हणजे हळद पोटात गेली तरी रक्तात उतरेलच असं नाही. झालेला डिमेन्शिया हळदीने बरा होतो असं म्हणायला आज आधार नाही. रोजच्या जेवणातली हळद स्वच्छ असावी, वाया जाऊ नये आणि तिने अपाय होऊ नये, एवढंच आपल्या हातात आहे. ते नीट करू.

सावधान: अचानक ताप, असह्य डोकेदुखी, मान आखडणं, झटके, असंबद्ध बोलणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर हळदीचा विचारसुद्धा करू नका. तो मेंदूज्वर किंवा पक्षाघात असू शकतो. थेट रुग्णालयात जा.

## टप्पा १: औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा

ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांच्या सगळ्या गोळ्या समोर ठेवा आणि कागदावर नावं लिहा. आयुर्वेदिक चूर्णं, सांधेदुखीच्या कॅप्सूल, टॉनिक, सगळं. या यादीतच पुष्कळदा आधीपासून हळदीचा अर्क निघतो, कारण सांधेदुखीच्या कित्येक तयार उत्पादनांत तो असतो.

आता पुढचं तपासा.

वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर नेहमीच्या भाजी-आमटीतली हळद चालते. त्यापलीकडे काही वाढवायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर वाढीव हळद किमान दोन आठवडे आधी बंद करा.

पित्ताशयात खडे असतील तर वाढीव हळद नकोच. करक्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं आणि खडा नळीत अडकू शकतो. मूतखड्याची सवय असलेल्यांनीही जपावं, हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं. रक्तात लोह कमी असेल तर लोहाची गोळी आणि हळदीचं काहीही एका वेळी घेऊ नका.

फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर मिऱ्याकडे लक्ष ठेवा, टप्पा ४ मधल्या हळदीच्या तुपात ते पडतं. मिऱ्यातल्या पायपरिनमुळे फेनिटॉइनची रक्तातली पातळी वाढते. मेंदूसाठी म्हणून जे घेतो, तेच मेंदूच्या औषधाचं गणित बिघडवतं.

आमच्या नात्यातल्या एका काकांचं उदाहरण सांगते. हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी मिरी-अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या. तीन आठवड्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंडावर निळे डाग उमटले. डॉक्टरांनी काय काय घेता म्हणून विचारलं तेव्हा काकांनी कॅप्सूलचं नावच काढलं नाही. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतं, हळद होती.

तपासा: यादीचा कागद पाकिटात ठेवला का? पुढच्या भेटीत डॉक्टरांना तोच दाखवायचा आहे.

## टप्पा २: हळद निवडा, शिसं बाहेर ठेवा

माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायला हवी, आणि नेमका हाच टप्पा लोक घाईत उरकतात.

हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट लावण्याचा प्रकार दक्षिण आशियात आढळला आहे. बांगलादेशात हळकुंडांना चकाकी आणताना ते वापरलं जातं, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. लेड म्हणजे शिसं, आणि शिसं मेंदूचं विष आहे. मेंदू जपायला हळद वाढवायची आणि तिच्यातून रोज थोडं थोडं शिसं पोटात घालायचं, याहून वाईट काय? भारतात हळदीतल्या शिशाची कायदेशीर मर्यादा १० पीपीएम, म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. पाकिटावर किंवा विक्रेत्याकडे तपासणीचा अहवाल असेल तर हा आकडा बघा.

विकत घेताना असं करा.

१. शक्यतो पूड नको, हळकुंडं घ्या. सांगली, हिंगोली, वसमत किंवा वर्ध्याच्या वायगावची हळद ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळाली तर उत्तम. अति चकाकी आणलेली, बाहेरून लिंबासारखी पिवळी दिसणारी हळकुंडं टाळा.

२. एक हळकुंड तोडून बघा. चांगल्या हळकुंडाची साल मातकट, मळकी असते आणि आत गडद केशरी, मेणासारखा तुकतुकीत भाग दिसतो. बाहेर भडक आणि आत फिकट असेल तर ती हळद ठेवून द्या.

३. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात हळकुंड सोडा. पाणी लगेच पिवळं झालं तर रंग लावलेला आहे.

४. पूडच घ्यावी लागली तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका आणि न ढवळता ठेवा. शुद्ध पूड खाली बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर ती पूड वापरू नका.

सावधान: पाण्याच्या परीक्षेत वरून लावलेला रंग कळतो. शिसं नाही याची खात्री तिने होत नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि हळदीबद्दल शंका असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या, नाहीतर सरळ बदला.

नावातही गोंधळ होतो. आंबेहळद ही हळद नव्हे. ती मुका मार लागल्यावर लेप द्यायची किंवा लोणच्यात घालायची वेगळी वनस्पती आहे. पिशवीवर नुसतं ‘हळद पावडर’ असलं तरी कैरीसारखा वास आला तर दुकानदाराला परत विचारा. ब्राह्मीचंही तसंच. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून पुष्कळदा मंडूकपर्णी विकली जाते. अभ्यास एकीवर झालेले आणि खाल्ली दुसरी, असं होऊ नये.

## टप्पा ३: दळणं आणि साठवणं

हळकुंडं खलबत्त्यात किंवा फडक्यात गुंडाळून बत्त्याने ठेचा. कडक उन्हात दिवसचे दिवस पसरून ठेवू नका, प्रकाशाने करक्युमिन उतरतं. सावलीत किंवा कोमट तव्यावर ओल घालवली की पुरे. दळण दोन-तीन महिन्यांचंच करा. वर्षभराचं दळून डबा भरायची सवय मोडा, शेवटच्या महिन्यांत त्या पुडीला रंग उरतो आणि वास गेलेला असतो. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा चालेल. गॅसच्या वरच्या फळीवरची पारदर्शक बरणी दिसायला छान, पण हळदीला वाईट.

तपासा: डबा उघडल्यावर मातीसारखा, किंचित तिखट वास येतो का? येत नसेल तर हळद जुनी झाली.

## टप्पा ४: तुपातला अर्क

करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून पाण्यात उकळलेला हळदीचा काढा रंगाने भरलेला दिसला तरी अंगी लागत नाही. घरच्या घरी अर्क काढायचा तर तुपात काढावा. तूप चालत नसेल तर खोबरेल किंवा शेंगदाण्याचं घाण्याचं तेल घ्या.

लागणारं सामान: १०० ग्रॅम तूप, २० ग्रॅम हळद, १ ग्रॅम मिरी म्हणजे साधारण वीस-पंचवीस दाणे. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर वापरा. चमचे सगळ्यांचे वेगळे असतात.

१. भांडी, चमचा, बरणी, सगळं कोरडं करा. नुसतं पुसून नाही, उन्हात किंवा गॅसजवळ ठेवून.

२. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळत ठेवा आणि आच मंद करा. त्यात तुपाची स्टीलची वाटी ठेवा. तूप थेट आचेवर ठेवू नका. फोडणीच्या तुपाइतकं ते तापलं, की हळद दोन सेकंदांत काळवंडते आणि सगळं कडू होतं.

३. तूप पूर्ण वितळलं की हळद एकदम न ओतता चाळणीतून शिंपडत घाला आणि ढवळत राहा. आधी गुठळ्या होतील, मग त्या फुटून तूप दाटसर होईल. पाचेक मिनिटांत कडेने रंग बदलताना दिसतो. पिवळं तूप आधी झेंडूसारखं आणि मग गडद केशरी होतं. हळदीचा कच्चा, मातकट वास जाऊन भाजणीसारखा गोडसर वास येऊ लागतो. तो वास आला की समजावं, जमलं.

४. एकूण पंधरा मिनिटं पुरेत. वाटी बाहेर काढा.

५. मिरी आत्ताच, ऐन वेळी कुटा आणि कोमट झालेल्या तुपात मिसळा. आधीपासून कुटून ठेवलेल्या मिऱ्याचा दर्प उडालेला असतो.

६. गाळू नका. तळाशी बसलेल्या हळदीतही बरंच काही शिल्लक असतं. प्रत्येक वेळी वापरताना तळापासून ढवळून घ्या.

गडद रंगाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये, तीन आठवडे ठेवा.

मिऱ्याबद्दल थोडं सविस्तर. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या अभ्यासात निरोगी माणसांना २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा करक्युमिनचं शोषण वीसपट वाढलेलं आढळलं. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण मात्रा कोणी सांगत नाही. २० मिलिग्रॅम पायपरिन म्हणजे अंदाजे आठ-दहा मिरी, तीही एका वेळी. आपल्या हळदीच्या तुपाच्या चहाच्या चमच्यात याच्या दहाव्या हिश्शाइतकंच येतं. ते वाढवायच्या मागे लागू नका. पायपरिन यकृताचं पदार्थ निकामी करण्याचं काम अडवतं, म्हणून करक्युमिन टिकतं. त्याच कारणाने तुमच्या इतर औषधांची पातळीही वर जाते.

सावधान: या तुपात ओली हळद, लसूण, आलं घालून साठवू नका. ओलसर कंद तेला-तुपात बुडवून ठेवले की हवा पोचत नाही आणि बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांचं विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही. ओली हळद वापरायची तर किसून ताज्या जेवणात त्याच दिवशी घाला.

## टप्पा ५: ताटात कधी आणि किती

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सीएफटीआरआयने, शिजवताना हळदीचं काय होतं ते मोजलं आहे. उष्णतेने करक्युमिन २७ ते ५३ टक्के कमी झालं. सर्वांत जास्त घट प्रेशर कुकरमध्ये दहा मिनिटं शिजवल्यावर झाली. चिंच असताना मात्र घट १२ ते ३० टक्क्यांवर आली. आंबटात करक्युमिन टिकतं. कोकणातल्या आमसुलालाही हाच नियम लागू पडतो, आंबटपणा महत्त्वाचा.

यावरून वरण-आमटीचा क्रम असा बसतो:

१. डाळ कुकरला लावताना हळद घालू नका.
२. डाळ घोटून उकळायला ठेवली की आधी चिंचेचा कोळ किंवा आमसूल घाला.
३. नेहमीची फोडणी द्या, पण त्यातही हळद नको.
४. गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी हळदीचं तूप घाला आणि झाकण ठेवा.

‘वरून घातलेल्या हळदीला कच्चा वास येतो’ ही तक्रार मी नेहमी ऐकते, आणि खरीच आहे. तूप आधी तापवून घेतलं ते त्यासाठीच. एकदा करून बघा, आमटीवर केशरी तवंग येतो आणि कच्चेपणा लागत नाही.

हरभरे, वाटाणे शिजवताना खायचा सोडा घालत असाल तर त्या भांड्यात हळद नकोच. कारण आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं. सोड्यानेही तेच होतं, फक्त मंदपणे. बशीत चिमूटभर ओल्या हळदपुडीवर चुन्याचं बोट लावून बघा, लाल होईल. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळी होईल. पण त्या लाल अवस्थेत थोडा वेळ राहिली तरी करक्युमिन झपाट्याने मोडतं. रस्सा तांबूस दिसू लागला तर मिरचीच्या आधी सोड्याची शंका घ्या.

दुधात घ्यायची असेल तर सायीसकट, कोमट दुधात, जेवणानंतर. रिकाम्या पोटी नको, कित्येकांना जळजळ होते.

आता मात्रा. चहाचा सपाट चमचाभर पूड म्हणजे साधारण ३ ग्रॅम. हळदीत सरासरी ३ टक्के करक्युमिन धरलं तर त्यात सुमारे ९० मिलिग्रॅम येतं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने करक्युमिनच्या रोजच्या सेवनाची कमाल मर्यादा दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसभरात सगळं मिळून दोन चमच्यांच्या आत. आपल्या हळदीच्या तुपाच्या चहाच्या चमच्यात पाऊण ग्रॅमच्या थोडी वरच हळद असते. दिवसाला दोन चमचे, दोन जेवणांत विभागून, पुरेत. हे तूप दिवसभराच्या तुपातूनच वजा करायचं, वेगळं नाही. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर एकच चमचा.

तपासा: घरातल्या इतर भाज्यांत हळद किती पडते ते एक दिवस मोजलं का? न मोजता वर चमचे वाढवू नका.

## टप्पा ६: कॅप्सूल आणली असेल तर

माझं मत स्पष्ट आहे, स्वतःहून घेऊ नका. ९५ टक्के करक्युमिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये पाच चमच्यांहून जास्त हळदीतलं करक्युमिन असतं. त्यात मिरी-अर्क असला तर यकृतावर पडणारा भार वेगळाच. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी हळदीच्या उत्पादनांमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण नोंदवले. त्यांतला एक यकृत निकामी होऊन गेला. दहापैकी सातजणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. तो आपल्यात आहे की नाही हे बहुतेकांना कधीच कळत नाही.

आधीच चालू असेल तर आज बंद करा आणि पुढच्या भेटीत डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. अन्नातली हळद चालू ठेवायला हरकत नाही, फक्त खालची लक्षणं नसावीत.

## टप्पा ७: नोंद ठेवा

वहीत तीन गोष्टी लिहा: सुरू केल्याची तारीख, रोजचे चमचे, आणि घरातल्या दुसऱ्या कोणीतरी केलेली निरीक्षणं. विसराळू माणसाला ‘आठवतं का’ विचारून उपयोग नसतो. ती सुनेने किंवा मुलाने लिहावीत. गॅस बंद केला का, पैसे बरोबर मोजले का, नेहमीची वाट चुकली का, असं ठोस लिहावं.

डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणं, लघवी चहासारखी गडद होणं, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडणं, काही न करता थकवा, यांपैकी काही आलं तर हळदीचं तूप लगेच थांबवा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. हिरड्यांतून रक्त किंवा काळी शी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रक्तदाब, साखर, थायरॉइड, बी-१२, कमी ऐकू येणं, रात्रीची मोडलेली झोप, हे तपासणं हळद जमली म्हणून पुढे ढकलू नका. विसराळूपणामागे यांतलं एखादं निघालं तर त्यावर आज उपचार आहेत, आणि ते हळदीपेक्षा कितीतरी खात्रीचे आहेत. चालू गोळ्यांतली एकही स्वतःहून कमी करू नका.

तीन आठवड्यांनी बरणी संपली की उरलेल्या तुपावर नवं तूप ओतू नका. बरणी गरम पाण्याने धुवा, दिवसभर उन्हात पालथी ठेवा आणि मगच पुढचं करायला घ्या.